पुढच्या हंगामासाठी पॉइंट-टू-पॉइंटचा घोडा कसा हेरायचा

तुमचा प्रश्न असा: मूळचे पुण्याचे, सध्या मुक्काम स्विंडन, सहा मित्रांनी वर्गणी काढून पॉइंट-टू-पॉइंटचा एक घोडा घ्यायचा बेत. गेल्या हंगामाचे निकाल चाळून पाच विजेते निवडलेत आणि विचारताय, यांतला पुढच्या हंगामात चमकणारा कोणता?

यादी पाहिली. पाचांतले तीन तुमच्या हाती लागणार नाहीत, चौथ्याच्या विजयात काही राम नाही, आणि पाचव्याचे पाय पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. तुमच्या कष्टांना नावं ठेवत नाही, पण यादी करायची रीतच उलटी झाली आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून इकडे आलो त्याला २७ वर्षं झाली. त्यातली २२ विल्टशर-ग्लॉस्टरशरकडच्या हौशी तबेल्यांत घोड्यांच्या पायांवर हात फिरवण्यात गेली. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बाकीच्या पाच भागीदारांसाठी आधी दोन ओळी. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघांनी पैज लावून बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्याकडे घोडे पिटाळले, वाटेत येईल तो बांध, ओढा, कुंपण ओलांडत. त्यावरून स्टीपलचेस. पॉइंट-टू-पॉइंट हे त्याचं हौशी रूप. स्थानिक हंट, म्हणजे शिकारी मंडळं, शर्यती भरवतात, स्वाराला पैसे मिळत नाहीत, मैदान बहुधा कुणाचं तरी शेत. अंतर साधारण ३ मैल, अडथळे १८च्या आसपास, बर्चच्या काटक्यांचे, ४ फूट ३ इंच उंच. महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची. इथे त्याच्या दुप्पट पळायचं, वर उड्या, आणि पाठीवर कधीकधी १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो. महालक्ष्मीवर डोळा तयार झालेला माणूस इथे आला की त्याला वेग दिसतो. दम दिसायला दोन हंगाम जातात.

आता तुमची यादी. पहिले तिघे आयर्लंडमधले चार वर्षांचे घोडे, वसंतात मेडन शर्यत जिंकलेले. मेडन म्हणजे आजवर न जिंकलेल्यांची शर्यत. आयर्लंडमध्ये ही शर्यत म्हणजे दुकानाची काचच. तिथले हँडलर, म्हणजे या शर्यतींसाठी घोडे तयार करणारे, तीन वर्षांची कोरी शिंगरं लिलावात घेतात, शिकवतात, चौथ्या वर्षी एकदा पळवतात आणि जिंकलं की विकतात. एन्व्हॉय ॲलन फेब्रुवारी २०१८ मध्ये बॅलिनाबूलाला जिंकला आणि त्याच महिन्यात चेल्टनमच्या लिलावात ४ लाख पौंडांना गेला. जॉनबॉन नोव्हेंबर २०२० मध्ये ड्रोमाहेनला जिंकला, लगेच ५ लाख ७० हजारांना विकला गेला. तुमचे तिघे इतके महाग नसतील, पण मे महिन्यातच ते कुणा व्यावसायिक ट्रेनरकडे पोचले असणार. पुढच्या हंगामात हौशी मैदानावर दिसायचेच नाहीत. आणि एखादा झोकात जिंकूनही हँडलरच्याच दारात उभा असेल तर तो विकला का गेला नाही, हे आधी विचारा. घोडं तिथंच पेंड खातं. बहुतेक वेळा व्हेटच्या तपासणीत काहीतरी निघालेलं असतं, क्वचित मालकाचा आकडा अवाच्या सव्वा असतो.

म्हणून पुढच्या हंगामाचे होतकरू घोडे विजेत्यांत कमी सापडतात, हरलेल्यांत जास्त. मी एवढंच बघतो: हरण्याला काय कारण होतं, आणि उन्हाळ्याच्या विश्रांतीत ते जाण्यासारखं आहे का? जिंकलेल्याच्या बाबतीत उलटं: जिंकण्याला काय कारण होतं, आणि ते पुन्हा घडेल का?

बेस्ट मेट सगळ्यांना ठाऊक आहे, २००२, २००३ आणि २००४ असे सलग तीन चेल्टनम गोल्ड कप जिंकलेला. तरुणपणी आयर्लंडमधल्या एका पॉइंट-टू-पॉइंटमध्ये त्याला अर्ध्यात थांबवलं होतं. निकालाच्या कागदावर नावापुढे फक्त 'पी', म्हणजे पुल्ड अप. त्याच्या पुढच्या ट्रेनर हेन्रिएटा नाइट यांनी तो कागद न बघता चिखलातून चालणारा घोडा बघितला.

असा घोडा माझ्या वाट्याला आला नाही, पण छोटीशी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक पाच वर्षांची घोडी मेडनमध्ये ११ जणांत चौथी आली, विजेत्याच्या २२ लांबी मागे (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर). मालक म्हणाला, काढून टाकू. मी त्या शर्यतीचं चित्रण सहा-सात वेळा पाहिलं. शेवटून चौथ्या अडथळ्यापर्यंत ती पहिल्या तिघांत होती. स्वाराचे हात तिच्या मानेवर निवांत, कान पुढे. पुढचे दोन घोडे त्याआधीच चाबूक खात होते. शेवटून तिसऱ्या अडथळ्यानंतर उतार होता. तिथे तिचा पल्ला लहान झाला, मागचा भाग डुलायला लागला, शेवटून दुसरी उडी तिने जवळजवळ चालत मारली. तरी मारली, अंग चोरलं नाही. शेवटच्या चढावर स्वाराने तिला हातही लावला नाही. तबेल्यात चौकशी केली तेव्हा कळलं, जानेवारीत तीन आठवडे सगळ्या घोड्यांना खोकला होता, या घोडीची तयारी पंधरा दिवसांची. त्यात १६.३ हात उंच (घोड्याच्या मापातला हात म्हणजे ४ इंच, १६.३ म्हणजे १६ हात ३ इंच), लांबच लांब, मांसाचा पत्ता नाही. म्हणजे दम नव्हता असं नाही, तयारी नव्हती. ती उन्हाळाभर गवतावर राहिली, सप्टेंबरात आली तेव्हा खांदे भरले होते. पुढच्या हंगामात मेडन आणि तिच्या वरची पायरी रिस्ट्रिक्टेड, दोन्ही जिंकली.

त्याच सुमारास मी तोंडावरही आपटलो. एक घोडा फेब्रुवारीत १५ लांबीने जिंकला होता. मी छातीठोकपणे सांगितलं, हा ओपनचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या खुल्या शर्यतीचा घोडा. खरं तर मैदानात घोटाभर चिखल होता, नऊपैकी तीनच घोडे शेवटपर्यंत पोचले, आणि पुढे असलेला घोडा शेवटून तिसऱ्या अडथळ्यावर पडला होता. आमच्या घोड्याने कुणाला हरवलं नव्हतं, बाकीच्यांनी मैदान सोडलं होतं. पुढच्या हंगामात सुकी जमीन लागली आणि तो चौथा, मग 'पी', मग पुन्हा 'पी'. तुमच्या यादीतला चौथा घोडा मला हुबेहूब तसाच वाटतो. चार घोड्यांची शर्यत, दोन पडले, उरलेल्या दोघांत हा पहिला.

निकालातल्या अक्षरांची भीती बाळगू नका, पण ती एकसारखीही समजू नका. 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे स्वार पडला. तिसऱ्याच अडथळ्यावर, गर्दीत, पहिल्यांदा पळताना पडलेला चार वर्षांचा घोडा मी माफ करतो. पुढे असताना, जोमात असताना शेवटून दुसऱ्यावर पडलेला तर चक्क आवडतो. त्याच्यात काहीतरी होतं म्हणून तो तिथे पुढे होता. 'यू' बऱ्याचदा स्वाराच्या खात्यावर जातो. मात्र 'आर', म्हणजे अडथळ्यासमोर पाय रोवून उभा राहिलेला, एकदा असेल तर विचारपूस करा, दोनदा असेल तर पुढचं नाव वाचा. 'पी' सगळ्यांत फसवा. थकला म्हणून, लंगडला म्हणून, श्वास कोंडला म्हणून आणि स्वाराने शहाणपणा केला म्हणून, सगळ्यांना एकच अक्षर.

वेळेचं गणित करायला हरकत नाही, पण वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा एकमेकींशी लावू नका. शेतातलं मैदान, मार्ग आखणाऱ्या दोऱ्या हलतात, जमीन बदलते. सूर्य डोळ्यांवर आला की एखादा अडथळा वगळतातही, मग ती वेळ कशाशीच जुळत नाही. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, तितक्याच अंतराची ओपन शर्यत झाली असेल तर तिच्याशी तुलना करा. समजा ओपन ६ मिनिटं २० सेकंदांत झाली आणि मेडन ६ मिनिटं २४ मध्ये. चांगल्या जमिनीवर ५ लांबी म्हणजे साधारण १ सेकंद, म्हणजे फरक २० लांबींचा. ३ मैलांवर १ लांबी म्हणजे १ पौंड वजन असा आमचा ढोबळ हिशोब, तेव्हा कुणाच्या पाठीवर किती होतं तेही त्यात घाला. मेडनचा घोडा हिशोबाअंती ओपनच्या १० लांबींत आला तर कान टवकारा. पण ओपनवाले पहिला फेरा रमतगमत गेले असतील तर हा हिशोब फुकट. मी फोनवरचं घड्याळ घेऊन शेवटून चौथ्या अडथळ्यापासून शेवटच्या अडथळ्यापर्यंतची वेळ दोन्ही शर्यतींत मोजतो. तिथे सोंग चालत नाही.

उडी बघताना उंची बघू नका. नवखा माणूस हातभर वरून जाणाऱ्या घोड्यावर खूश होतो. अशी उडी हवेत वेळ खाते. मला हवा असतो तो दोन-तीन पावलं आधी स्वतःच हिशोब करणारा घोडा. लांबून जमेल तर लांबून, नाही तर एक आखूड पाऊल घालून जवळून, आणि उतरल्यावर लगेच पळायला लागणारा. आणखी एक, तो सरळ उडतो का? प्रत्येक उडीला दोन हात डावीकडे सरकणारा घोडा चेल्टनम किंवा स्ट्रॅटफर्डसारख्या डाव्या वळणाच्या मैदानावर निभावतो. केम्प्टन, सँडाउनला उजवं वळण, तिथे तो शर्यतभर लांबचा रस्ता चालतो. काही वेळा हे सरकणं खोड नसून दुखणं असतं. उतरताना ज्या पायावर भार नको तो चुकवायला घोडा तिरका जातो. म्हणून हंगामात अचानक तिरका उडायला लागलेला घोडा मी आधी चालवून, दुडकीने पळवून बघतो.

जमिनीबद्दल थोडक्यात. लार्कहिल, बार्बरी कॅसल ही खडूच्या टेकड्यांवरची मैदानं, पाणी झटकन मुरतं. चिकणमातीची मैदानं फेब्रुवारीत पाय गिळतात. गुडघा उचलून पळणारा घोडा चिखलात चालतो, जमिनीलगत पाय फेकणारा कोरड्यावर. वसंतात चिखलात मागे पडलेल्या दुसऱ्या प्रकारच्या घोड्यावर खूण करून ठेवा.

वय नीट समजून घ्या. इकडे सगळ्या थरोब्रेडांचा, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचा, वाढदिवस १ जानेवारीला धरतात. मे अखेर जन्मलेला 'चार वर्षांचा' घोडा फेब्रुवारीत पळतो तेव्हा खरा पावणेचार वर्षांचाही नसतो. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते. १७ हातांचं उंच धिप्पाड शिंगरू चौथ्या वर्षी लटपटलं तर नवल नाही, सहाव्या वर्षी तेच दुसरा घोडा होऊन येतं. उलट आटोपशीर, भरलेला, लवकर पिकलेला चार वर्षांचा विजेता पुढे तेवढाच राहतो आणि बाकीचे त्याच्या अंगावरून जातात. वंशावळीवर लोक रात्री घालवतात. मी आईकडच्या दोन पिढ्या बघतो आणि पान उलटतो. जॉनबॉन हा डूव्हान या नावाजलेल्या घोड्याचा सख्खा भाऊ, त्याची किंमत कागदावरच अर्धी ठरली होती. तुमच्या बजेटात तसा कागद येणार नाही.

आता पाय. शर्यत कितीही वाचा, घोडा बघायला सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी सातच्या आत जा, खोलीबाहेर काढण्याआधी. रात्रभर उभा असलेला घोडा खोटं बोलत नाही. पुढच्या पायाच्या नळीमागे जाड टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, असतो. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हात सावकाश खाली न्यायचा. तो ताठ दोरीसारखा, कडा स्पष्ट, गार लागायला हवा. कुठे हरभऱ्याएवढा फुगवटा, कुठे कडा बोथट, किंवा एका पायाला दुसऱ्यापेक्षा किंचित ऊब लागली, तर पाय उचलून गुडघ्यात वाकवायचा आणि सैल टेंडन पुन्हा दाबून बघायचा. घोडा पाय ओढून घेतो का? चौखूर पळताना टेंडनच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतं, तिथे रोज थोडं थोडं झिजत असतं. एकदा तुटला की भरून यायला वर्ष लागतं आणि भरलेली जागा मूळच्या इतकी लवचिक होत नाही. हंगामाच्या मध्यावर एकाएकी गायब झालेला चांगला घोडा दिसला की मी आधी टेंडनच म्हणतो. अल्ट्रासाउंड करून घ्या. घोड्याच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ.

श्वासाचंही बघा. उंच घोड्यांत डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस दुबळी होण्याचं प्रमाण जास्त, मग तो पळताना घोरल्यासारखा आवाज करतो आणि शेवटच्या अर्ध्या मैलात अचानक थांबल्यासारखा होतो. थकलेला घोडा हळूहळू मागे पडतो, श्वास अडलेला एकदम पडतो. चित्रणात हा फरक स्पष्ट दिसतो. शस्त्रक्रियेने पुष्कळांना फरक पडतो, म्हणून उन्हाळ्यात श्वासाची शस्त्रक्रिया झालेला आणि आधीच्या शर्यतींत शेवटून तिसऱ्यापर्यंत झकास पळालेला घोडा स्वस्तात मिळाला तर मी वाकून बघतो. ब्रिटनच्या व्यावसायिक शर्यतींत जानेवारी २०१८ पासून अशी शस्त्रक्रिया जाहीर करावी लागते. खासगी व्यवहारात तुम्ही विचारायला हवं.

लहानपणी वडिलांबरोबर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचो. तिथे जाणते लोक आधी भोवरे मोजायचे. मानेवर देवमण आहे का, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी, त्याची किंमत वेगळी. इंग्लंडात आलो तर इथल्या म्हाताऱ्यांचं उलटंच, चार पांढऱ्या पायांचा घोडा दारात नको. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. दोन्हीकडच्या समजुती सोडून द्या, पण एक सारंगखेड्याची सवय मी अजून पाळतो. विकणारा घोड्याला कुठल्या बाजूने उभा करतो ते बघायचं आणि आपण दुसऱ्या बाजूला जायचं.

सहा जणांच्या वर्गणीतला पहिला घोडा म्हणून जुन्या, व्यावसायिक तबेल्यातून उतरलेल्या घोड्याचाही विचार करा. हाही 'होतकरू'च, फक्त वय १०. पाचा डू पोल्डेर २०१७ आणि २०१८ मध्ये, १० आणि ११ वर्षांचा असताना, चेल्टनमचा फॉक्सहंटर, म्हणजे हौशी स्वारांची मोठी शर्यत, जिंकला. पाठीवर एकदा ब्रायनी फ्रॉस्ट, एकदा हॅरिएट टकर. त्याआधी २०१६ मध्ये सायकलपटू व्हिक्टोरिया पेंडल्टन त्याच्यावर पाचव्या आल्या होत्या. ऑन द फ्रिंज तर २०१५ मध्ये चेल्टनम, एनट्री (लिव्हरपूलजवळचं मैदान) आणि आयर्लंडमधलं पंचेस्टाउन अशा तिन्ही ठिकाणी जिंकला, २०१६ मध्ये चेल्टनम आणि एनट्रीला पुन्हा, तेही १० आणि ११व्या वर्षीच. अशा घोड्याला हौशी मैदानावर आपल्यापेक्षा हळू घोडे भेटतात आणि तो पुन्हा खुशीत पळायला लागतो. त्याच्या बाबतीत बघायचं एवढंच, गेल्या वर्षभरात त्याची पळायची इच्छा होती की फक्त पाय होते? शेवटच्या चार शर्यतींची चित्रणं बघा. सुरुवातीलाच मागे राहून तिथेच पडून राहिलेला असेल तर त्याला आता आराम हवाय.

स्वाराचं नाव वाचल्याशिवाय एकही निकाल वाचू नका. हौशी मैदानावर घोड्याघोड्यांत जेवढा फरक असतो त्यापेक्षा स्वारास्वारांत जास्त. गाजलेल्या स्वाराखाली अर्ध्या लांबीने जिंकलेल्यापेक्षा मालकाच्या अठरा वर्षांच्या, पहिल्याच हंगामातल्या मुलीखाली ८ लांबीने हरलेला घोडा मला जास्त भरवशाचा वाटतो. तसंच हँडलरचं. काहींचे घोडे नोव्हेंबरातच तयार असतात, सुरुवातीला तयार नसलेल्यांना हरवून नाव करतात आणि मार्चमध्ये दिसत नाहीत. काहींचे ख्रिसमसपर्यंत पोटावर चरबी घेऊन पळतात. घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे, हे आपल्याकडचं कोडं इथे डिसेंबरात रोज आठवतं. एकाच हँडलरचे मागच्या तीन वर्षांचे निकाल महिनावार लावून बघा, कुणाला कधी सूट द्यायची ते समजेल.

आता तुमचा पाचवा घोडा. सात वर्षांचा, रिस्ट्रिक्टेडमध्ये दोनदा दुसरा, मग एप्रिलमध्ये जिंकला, त्यानंतर मेमध्ये नोंद करूनही पळाला नाही. कागदावर हाच तुमच्या कामाचा आहे: वाढ पूर्ण, पायरी पायरीने वर आलेला, रिस्ट्रिक्टेड आणि ओपनच्या मधली इंटरमीडिएट अजून बाकी. ते मेमध्ये न पळणं मात्र मला टोचतं. जमीन कोरडी होती म्हणून काढला असेल तर उत्तमच. हँडलरला फोन करून तीन गोष्टी विचारा: मेमध्ये का काढला, उन्हाळ्यात पायांचं स्कॅनिंग केलं का, आणि चालवण्याचा व्यायाम कधी सुरू केला. ऑगस्टमध्ये सुरू केला असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी बघायला जाऊ. मीही येतो, डिझेल तुमचं.